एक किरण कमी असलेला सूर्य

मित्रांनो, मागे खोली नसलेली खिडकी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल पाहिली, तर भाईंदरजवळच्या राई गावात या. खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर बाबाजी नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेताचा तुकडा अजून शिल्लक आहे. तिथे एका उंच लोखंडी सांगाड्यावर मी टांगलेली आहे. मी एक जुनी खिडकीची जाळी आहे. माझ्या मागे घर नाही, वर छप्पर नाही, कडेला भिंत नाही. आजूबाजूला माझ्यासारख्याच पुष्कळ जाळ्या आहेत आणि बघायला येणारी माणसं आम्हाला कलाकृती म्हणतात. म्हणोत बापडी. कुणी कौतुक करत असेल तर लोखंडाने उगाच आढेवेढे घेऊ नयेत. पण माझा जन्म काही कौतुकासाठी झाला नव्हता. मी चोर अडवायला आणि कपडे वाळवायला जन्मले होते.

माझा जन्म भाईंदर पूर्वेला, नाथाच्या वर्कशॉपमध्ये झाला. वर्कशॉप म्हणायचं आपलं. दुकानात देवाची तसबीर आणि नाथाची खुर्ची, बाकी सगळा कारभार फुटपाथवर. सळया कापून, वाकवून, जोडून नाथाने मला घडवलं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि माणसं डोळ्यांवर हात धरून पलीकडून जात होती. नाथाला नक्षी एकच येत असे, उगवता सूर्य. खाली अर्धं वर्तुळ आणि त्यातून वर निघालेल्या सळया, की झाला सूर्य. गिऱ्हाइकाने मोर मागितला तरी नाथा बोलता बोलता त्याला सूर्यावर आणून सोडायचा. त्यामुळे आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांच्या खिडक्यांत एकाच वेळी सूर्य उगवलेला असे, आणि तो कधी मावळतही नसे.

माझा सूर्य मात्र पुरा झाला नाही. शेवटच्या किरणापाशी येऊन नाथाची सळई संपली. घरातून पाहताना उजव्या हाताचा एक किरण राहिला, आणि नेमका तेव्हाच गिऱ्हाईक हातगाडी घेऊन दारात हजर झालं. पंढरीनाथ त्यांचं नाव. मूळचे लांज्याकडचे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे, त्यामुळे हात कायम काळे आणि त्यांच्या हातची भांडी मात्र आरशासारखी. सोबत त्यांची नवी नवरी मनोरमाबाई होत्या.

"एक किरण राहिलाय. उद्या घरी येऊन मारून देतो," नाथा म्हणाला.

"राहू दे रे. आज घरात जायचा मुहूर्त आहे. सूर्य काय पळून जातोय?" पंढरीनाथ म्हणाले.

मनोरमाबाईंनी मला न्याहाळलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो, ह्याचा तर पुढचा दात पडलाय!" त्या दिवसापासून त्या घरात माझ्या सूर्याला बोळका सूर्य म्हणू लागले.

कोकणदीप नावाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मला बसवलं. मी पेटीसारखी भिंतीच्या जरा बाहेर आलेली होते. समोर तेव्हा मिठागरं होती आणि उन्हात मिठाचे पांढरे ढीग दिसत. लग्नाआधी पंढरीनाथ गाववाल्यांच्या खोलीत राहत. तिथे एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच अंथरुणावर आडवं व्हायचं. त्यांच्या वाट्याला खिडकी कधी आलीच नव्हती. मला बसवल्यावर ते माझे गज धरून किती तरी वेळ नुसते उभे राहिले. "आपली खिडकी," एवढंच म्हणाले. मित्रांनो, कुणी आपल्याला 'आपली' म्हणालं की लोखंडालाही बरं वाटतं.

पुढची वर्षं सुखाची गेली. माझ्यावर कपडे वाळले, आमसुलं वाळली, लोणच्याच्या बरण्या ऊन खात बसल्या. मुलगी झाली, संजना. ती जरा मोठी झाल्यावर माझ्या पेटीत उशी टाकून अभ्यासाला बसायची आणि अभ्यास सोडून सगळं करायची. शेजारच्या खिडकीत उर्मिलाबेन राहत. त्यांनी हट्टाने दुसरीकडून जाळी करून आणली होती, तिच्यावर दोन हंस होते. सकाळ झाली की त्या हंसांमधून हाक यायची, "मनोरमाबेन, तमारे यहाँ पानी आया क्या?" इमारतीतले निम्मे दिवस त्या एका प्रश्नाने उजाडायचे.

आता कावळ्याची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरलं. कामावर जाण्याआधी पंढरीनाथ भाकरीचा पहिला तुकडा माझ्या पेटीत ठेवत. त्यांच्या गावच्या घरी आधी कावळ्याचा घास आणि मग माणसांचं पान, अशी रीत होती. इतर खिडक्यांत कावळ्याला आत शिरायला जागा नसे. माझ्यात होती. जिथे किरण नव्हता, बरोबर तिथून तो मान तिरकी करून आत यायचा, घास घ्यायचा आणि तसाच बाहेर पडायचा. पुढे खूप दिवसांनी एकदा नाथा खरंच सळई घेऊन आला. पंढरीनाथांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. "राहू दे नाथा. ते कावळ्याचं दार आहे."

सर्वपित्री अमावास्येला तर माझा थाट विचारू नका. केळीच्या पानावर खीर, वडे, भाजी, भात असं सगळं वाढून पंढरीनाथ पान माझ्या पेटीत ठेवत आणि हात जोडत. त्यांचे आई-वडील गावीच वारले होते. "जिवंतपणी मुंबई बघायला जमलं नाही त्यांना," ते म्हणत, "आता तरी येऊ देत भाईंदरला. खिडकी दाखवतो त्यांना आपली." मी लोखंड आहे. पितर येतात का, कोणत्या रूपाने येतात, यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कावळा आला की पंढरीनाथांचा चेहरा कसा उजळायचा, ते मी पाहिलेलं आहे.

मग एका उन्हाळ्यात पंढरीनाथ कारखान्यातच छातीत दुखून गेले. घरात आले ते चादरीत. संजना तेव्हा कॉलेजात होती.

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. तिथे काय झालं, ते नंतर माझ्यापाशी बसून किती तरी वेळा बोललं गेलं, म्हणून मला ठाऊक आहे. पिंडाला कावळा शिवेना. असं झालं की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं आपल्याकडे समजतात आणि मग जवळची माणसं एकेक वचन देऊ लागतात. त्यांचा भाऊ म्हणाला, पोरीचं शिक्षण थांबवणार नाही. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, गावचं घर शाकारून घेऊ. कावळे झाडावरून नुसते बघत राहिले. ऊन चढलं. शेवटी मनोरमाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुमची खिडकी मी सोडणार नाही. रोज घास ठेवीन." आणि कावळा उतरला.

त्या आपल्या शब्दाला जागल्या. ताप असो, पाहुणे असोत, घासाला कधी खाडा झाला नाही. इकडे कोकणदीप म्हातारी होत चालली होती. पिलरचं प्लास्टर सुटलं, जिन्याला टेकू द्यावे लागले, छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागले. माझेही पाय गंजले होते. मग एक दिवस गेटवर कागद लागला की इमारत धोकादायक आहे, ती रिकामी करा. सगळे म्हणाले, बघू. बघता बघता तो दिवसही आला. पोलीस आले, गाड्या आल्या आणि जे हाताला लागेल ते घेऊन माणसं खाली उतरू लागली. कुणी देव घेतले, कुणी गॅसची शेगडी.

मनोरमाबाईंनी मला धरलं. "ही जाळी तेवढी काढून द्या हो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला विनवत होत्या.

"आंटी, जाली बाद में ले जाना. अभी नीचे चलो," एक मजूर समजुतीने म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. जीव वाचवायच्या वेळी जाळी कोण काढत बसेल? संजनाने आईची बोटं एकेक करून माझ्या गजांवरून सोडवली. त्या बोटांची ऊब थोडा वेळ गजांवर राहिली आणि मग गेली. तेव्हा मला समजलं की घर आपल्याला सोडून जातं म्हणजे काय होतं. फार वाईट असतं ते, मित्रांनो.

इमारत पडली. विटा भरावाला गेल्या आणि मी भंगारात. तिथे वाकडे पंखे, पत्र्याचे डबे, पाण्याची पिंपं अशा मंडळींत मी किती काळ पडून होते, देव जाणे. आता वितळायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात रसिका आली.

रसिका राईचीच मुलगी. बाबाजी तिचे वडील. ती लोखंडाची शिल्पं करते, स्वतः हेल्मेट चढवून वेल्डिंग करते. पाडलेल्या इमारतींच्या जाळ्या ती भंगारातून निवडून आणत होती. भिंती सोडून नुसत्या खिडक्यांची एक इमारत तिला उभी करायची होती. घर गेलेली माणसं कुठे कुठे विखुरतात, त्यांना एकत्र दाखवणारं काही शहरात नाही, असं तिला वाटे. तिच्या शेडमध्ये आम्ही रांगेने उभ्या होतो. बाबाजी काठी टेकत आले, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "आमची शेतां गेली नि बिल्डिंगी आल्या. आता बिल्डिंगी पन न्हाय ऱ्हायल्या. मंग पोरी, मधल्यामधी खाल्लां कोनी?" रसिका हसली. मग बाबाजींनीच सांगितलं, "उभी कर तुजी बिल्डिंग माज्या शेतान. जागा हाय तवर हाय."

रसिकाने मला मायेने वागवलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. तिने माझा गंज घासून काढला. पेटीच्या बाजू खिळखिळ्या झाल्या होत्या, त्या बदलल्या. सगळ्या जाळ्या एकाच इमारतीच्या वाटाव्यात म्हणून आम्हा सर्वांना तिने एकच काळा रंग दिला. मग तिची नजर माझ्या सूर्यावर गेली. "पाडताना तुटला असणार बिचारीचा," ती स्वतःशीच म्हणाली. तिने मापाची सळई कापली आणि राहिलेला किरण जोडून टाकला. जोड असा साफ घासला की कुठे काही कमी होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. इतक्या वर्षांनी माझा सूर्य पुरा झाला. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, चला, दात आला.

सांगाडा उभा राहिला. मधून लोखंडी जिना, वर वर चढत जाणारा, आणि प्रत्येक मजल्यावर खिडक्या. कोणती जाळी कुठल्या घरची, हे रसिकाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावर आले तो निव्वळ योगायोग. खाडीवरचा वारा आमच्यातून आरपार जाई. कोण कोण बघायला आलं! वर्तमानपत्रात फोटो आला. पोरंपोरी आमच्यापुढे उभी राहून स्वतःचे फोटो काढत आणि आम्ही त्यांच्या खांद्यांमागून डोकावत असू. कधी कधी एखादं माणूस मात्र आपली जुनी खिडकी शोधून काढी आणि तिथेच उभं राही. मी जिन्याकडे डोळे लावून बसले होते.

त्या काळात मनोरमाबाई कुठे होत्या, ते मला पुढे कळलं. आधी नवघरला भाड्याची खोली, मग मिरारोडला एका टॉवरमध्ये. तिथे कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीला नायलॉनची जाळी ताणलेली. कावळा काय, वारासुद्धा विचारून आत यायचा. त्यांनी खाली कंपाउंडच्या भिंतीवर घास ठेवला, तर वॉचमन म्हणाला, "मौसी, इधर मत रखो, कबूतर जमा होते हैं." मग ती जागाही सुटली आणि त्या तारोडीला आल्या. तिथे वाळत घातलेल्या मासळीवर कावळेच कावळे. घरमालकीण म्हणाली, "बाय, कावल्यांना काय तोटा हाय हितं? सुकट टाक, पन्नास येतील." पण पोट भरलेले ते कावळे भाकरीच्या तुकड्याकडे ढुंकूनही बघेनात. मनोरमाबाईंच्या मनाने घेतलं की आपण शब्द मोडला. खिडकी सोडणार नाही म्हटलं होतं आणि सोडली. "ते तिथेच येऊन बघत असतील गं," त्या संजनाला म्हणत, "तिथे इमारतच नाही. मग कुठे जात असतील?" संजना एका दवाखान्यात कामाला होती, दिवसभर लोकांना समजावायची. आईला मात्र ती नुसता चहा करून द्यायची.

एक दिवस उर्मिलाबेनचा व्हिडिओ आला. त्यांच्या दोन हंसांची खिडकी त्यांना राईत सापडली होती. मनोरमाबाई तो बघून उठूनच बसल्या. चार दिवसांवर सर्वपित्री आली होती.

अमावास्येला दुपारी मी त्यांना जिन्याखाली पाहिलं. किती वाळल्या होत्या! डोळ्यांवर जाड चष्मा, हातात झाकलेलं पान. संजना त्यांना धरून एकेक पायरी चढवत होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी गाव गोळा केला असता.

त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि सूर्य पाहू लागल्या. नाथाचे सूर्य तिथे पुष्कळ होते. प्रत्येक जाळीवर हात फिरवत, किरणांवरून बोटं नेत त्या माझ्यापाशी आल्या. त्यांचा हात माझ्या गजावर टेकला. थोडा थांबला. मला वाटलं, ओळखलं. मग बोटं सूर्यावर गेली, उजव्या बाजूला सरकली आणि रसिकाच्या त्या साफ जोडावर येऊन अडली.

"ही नाही गं," त्या म्हणाल्या. "आपला एक किरण कमी होता."

"आई, आता कुठेही ठेव ना. बाबा येतील."

"कुठेही ठेवायचं तर तारोडीत काय जागा कमी होती?"

त्यांनी सगळ्या जाळ्या पुन्हा एकदा पाहिल्या. ऊन कलू लागलं. शेवटी त्यांनी पान उर्मिलाबेनच्या हंसांपाशी ठेवलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आज शेजारी जेवा. आपली सापडत नाहीये." थोड्या वेळाने एक कावळा आला. तो पानाकडे गेलाच नाही. तो माझ्यावर येऊन बसला, नव्या किरणावर दोनदा चोच आपटली आणि उडून गेला. तो आमचा जुना कावळा नव्हता. मी अगदी कडेला आहे, तिथे कुठलाही पक्षी आधी टेकतो. पण मनोरमाबाईंनी पाहिलं ते एवढंच की कावळा आला आणि घास न घेता गेला. त्यांचा चेहरा पडला. मी जाळी आहे, माझ्यात भोकंच भोकं, पण त्या दिवसासारखं रिकामं मला कधी वाटलं नाही.

"सापडल्याशिवाय राहायची नाही मी," जिना उतरताना त्या म्हणाल्या. "तुमची खिडकी शोधीनच."

त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात संजना एकटीच आली आणि शेडमध्ये रसिकाला भेटली. "तुमच्याकडे आणखी जाळ्या आहेत का? इथे लावल्या नाहीत अशा?" तिने विचारलं. तिची आई थंडीत गेली होती. आईच्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. सगळ्यांनी सगळी वचनं देऊन झाली, तेव्हा संजना म्हणाली, "आई, खिडकी मी शोधीन," आणि तेव्हा कुठे कावळा उतरला. तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्यांकडे हिंडत होती.

"कसली नक्षी?" रसिकाने विचारलं.

"सूर्य. पण एक किरण नसलेला. उजवीकडचा."

रसिकाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. तिने ती खाली ठेवली. संजनाचा हात धरून तिला तिसऱ्या मजल्यावर माझ्यासमोर घेऊन आली आणि म्हणाली, "मला वाटलं पाडताना तुटलाय. मीच जोडला गं."

संजनाने उजवीकडच्या किरणावर बोट फिरवलं. "आईने हिच्यावरच हात ठेवला होता," ती म्हणाली. "हिच्यावरच हात ठेवून म्हणाली, ही नाही." मग ती जिन्यातच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. रसिकाही तिच्याशेजारी बसून रडली. तिचा हेतू चांगला होता, हात चांगला होता, काम तर एक नंबर होतं. तरी एक बाई त्या कामापायी खिडकीला हात लावूनही रिकामीच परत गेली, आणि आता तिला बोलावून आणायचा काही उपाय नव्हता.

रसिकाने ग्राइंडर आणला. ठिणग्या उडाल्या. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही, पण इतकं हवंसं दुखणं मला पुन्हा मिळायचं नाही. किरण खाली पडला. माझा सूर्य पुन्हा बोळका झाला.

आईचं वर्ष पुरं झालं आणि त्यानंतरच्या सर्वपित्रीला संजना पानं घेऊन आली. या खेपेला पानं दोन होती. तिने ती माझ्या पेटीत शेजारी शेजारी ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. खाली रसिका आणि बाबाजी वर बघत थांबले होते. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक कावळा आला, माझ्यावर बसला, मान तिरकी केली आणि किरण नसलेल्या जागेतून आत शिरला. आधी त्याने डावीकडच्या, पंढरीनाथांच्या पानाला चोच लावली. मग मनोरमाबाईंच्या.

"आई," संजना म्हणाली, "अजून तू मागूनच जेवतेस?" आणि ती हसता हसता रडू लागली. त्या घरात खरंच तसं होतं. आधी ते जेवत आणि मग त्या.

मित्रांनो, मी अडाणी लोखंड. तुम्हाला शहाणपण शिकवायची माझी पात्रता नाही. पण एवढं मागणं मागते. कुणाची जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तर आधी त्या घरच्या माणसाला विचारा. तुम्हाला जे मोडलेलं दिसतं, तिथून कुणाचं तरी येणं-जाणं असू शकतं. आणि ज्यांची घरं गेली, त्यांना नुसता नवा पत्ता देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्या गेलेल्या माणसांनाही तो कळावा लागतो.

रसिका आता जिन्यापाशीच बसते आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाला विचारते, तुमच्या खिडकीत काही कमी होतं का? काही जण सांगतात आणि ती तसं करून देते. पण माझ्या शेजारी नाथाचे अजून कितीतरी सूर्य काळ्या रंगात टांगलेले आहेत, अगदी पुरे, एकही किरण कमी नसलेले. त्यांची माणसं अजून आलेली नाहीत.